मोटारसायकलची लांबची सफर : घड्याळ पाहून थांबा

जामच्या चौरस्त्यावर माझा दवाखाना आहे. नागपूरहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. पहिला म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा. जुने लोक त्याला अजून सात नंबरच म्हणतात. दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला की या चौरस्त्यावर मोटारसायकलस्वारांचे जथे दिसू लागतात. मागे तंबूची गुंडाळी, अंथरुणाची वळकटी, बाजूला लटकवलेल्या पिशव्या. कोणी कन्याकुमारीला निघालेला असतो, कोणी ताडोब्याला, तर कोणी मोठा रस्ता मुद्दाम सोडून गिरड, चिमूरच्या आडवाटेने जंगलाकडे वळतो.

त्यांतले काही माझ्या दवाखान्यात येतात. बोटांना मुंग्या, कंबर धरलेली, डोके ठणकते आहे, ओठ फुटलेले. त्यांना विचारले, "शेवटचे कुठे थांबला होता?" तर उत्तर येते, "नागपूरच्या बरेच अलीकडे, डॉक्टरसाहेब. पण दमलो असे काही वाटलेच नाही." आजच्या लेखाचा विषय हे शेवटचे वाक्य आहे. दमल्यासारखे न वाटणे हाच या प्रवासातला खरा धोका आहे.

वाचकमित्रहो, हा छंद वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला तो आहे. १९९१ साली, मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, आम्ही शाळेतले चार मित्र एक राजदूत आणि एक येझदी घेऊन नवेगाव बांधला गेलो होतो. तंबू नव्हता, दोन सतरंज्या आणि एक कंदील होता. पुढे संसार, व्यवसाय आले, तरी दोन-तीन वर्षांतून एकदा आम्ही चौघे निघतोच. आता वाहने चांगली आहेत, तंबू आहे, आणि चौघांच्याही खिशात गोळ्यांच्या पट्ट्या आहेत!

आमच्यावर आलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी होळीनंतरच्या आठवड्यात आम्ही नवेगाव बांधहून परत येत होतो. अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, पवनी, भिवापूर, उमरेड आणि तिथून गिरड, समुद्रपूरमार्गे जाम. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आडवाटेचे रस्ते, म्हणजे मध्ये गावे, गुरे, खड्डे. सकाळी नऊला चहा-बिस्किटे घेऊन निघालो. आमच्यातल्या एकाला आठ वर्षांपासून मधुमेह. कापसाचा व्यापारी, अंगाने धडधाकट. त्याने रोजच्याप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि चहाबरोबर चार बिस्किटे खाल्ली. पवनीला जेवायचे ठरले होते. तिथे पोचलो तेव्हा कोणी तरी म्हणाले, "आताच काय जेवायचं? उमरेडला जेवू." उमरेडला एक वाजला. ऊन कडक झाले होते. तिथे मीच म्हणालो, "आता तास-दीड तासाचा प्रश्न आहे, घरी जाऊनच जेवू." हे मी म्हणालो, चौघांतला एकटा डॉक्टर! ही चूक मी आजवर विसरलेलो नाही.

उमरेडहून गिरडकडे येताना तो माझ्या पुढे होता. त्याची गाडी हळूहळू रस्त्याच्या मध्यावर येऊ लागली. मी हॉर्न वाजवला. त्याने वळून पाहिले नाही. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. दुसऱ्या मित्राने जोरात पुढे जाऊन हात आडवा केला तेव्हा कुठे तो कडेला थांबला. मी विचारले, "काय होतंय?" तो चिडून म्हणाला, "काही नाही झालं बे मले, तू चाल पुढे." इतका शांत माणूस, तीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ते चिडणेच मला खटकले. हेल्मेट काढायला लावले, तर आतले केस ओलेचिंब. सदरा मात्र कोरडा.

पिशवीतल्या ग्लुकोमीटरवर साखर ४८ भरली. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात. तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिले. पंधरा मिनिटांनी ९२. तेव्हा तो म्हणाला, "उमरेड कधी गेलं, मले आठवतच नाही."

त्या दिवशी त्याला पुन्हा गाडीवर बसू दिले नाही. रक्तातली साखर वाढली म्हणून धोका टळला असे या गोळ्यांच्या बाबतीत होत नाही. त्यांचा परिणाम चोवीस तासांपर्यंत राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. जवळच्या गावात एका घरी भाकरी-भाजी मिळाली, त्याची गाडी तिथेच ठेवली, जामहून मोटार मागवली आणि रात्रीपर्यंत दर दोन तासांनी साखर तपासली.

वारा शरीराला फसवतो

घरी आल्यावर मी विचार करत बसलो. चार माणसे, त्यांत एक डॉक्टर, आणि कोणालाच का कळले नाही?

साखर उतरू लागली की शरीर इशारे देते. दरदरून घाम, छातीत धडधड, हातापायांना कंप, भूक. दुकानात बसलेल्या माणसाला घाम फुटला तर शेजाऱ्यालाही दिसतो. मोटारसायकलवर घाम येताक्षणी वारा तो उडवतो. हाताचा कंप हँडलच्या थरथरीत मिसळून जातो. धडधड इंजिनात हरवते. शिवाय रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर धडधड आणि कंप आधीच दबलेले असतात. उरतो फक्त घाम, आणि तोही वारा घेऊन जातो.

हीच गोष्ट उन्हाची. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंग निववतो. विदर्भातल्या मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा ४० च्या घरात गेली की तोच वारा अंगाला बाहेरून उष्णता देऊ लागतो, आणि वेग जितका जास्त तितकी ती अधिक. मग शरीराचा सारा भार घामावर. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून आपण तग धरतो. पण गाडीवरच्या माणसाला अंग कोरडे लागते. त्याला वाटते, आपल्याला घामच येत नाही. तहानही उशिरा लागते. साठ किलो वजनाच्या माणसाला चांगली तहान लागेपर्यंत लिटरभर पाणी शरीरातून गेलेले असू शकते.

झोपेचेही तसेच. डुलकी येण्याआधी माणसाला आपण जागे आहोत असेच वाटत असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर रस्ता कोणीही न पाहता कापलेला.

म्हणून माझे पहिले आणि मुख्य सांगणे हे : मोटारसायकलवर कधी थांबायचे हे शरीराला विचारू नका, घड्याळाला विचारा.

दर तासाला दहा मिनिटे

तास झाला किंवा पन्नास किलोमीटर झाले, जे आधी होईल तेव्हा थांबायचे. कंटाळा आला नसला तरी थांबायचे. त्या दहा मिनिटांत पुढील गोष्टी कराव्यात.

१. गाडीवरून खाली उतरावे. बसल्या बसल्या पाय टेकवून थांबणे म्हणजे थांबणे नव्हे. हेल्मेट, हातमोजे काढावेत आणि चार पावले चालावे. पुढे वाकून बसल्याने कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब येतो, त्यात खड्ड्यांचे हादरे. उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाकावे. पाठीवर सॅक लटकवून गाडी चालवू नये. ओझे गाडीवर, खालच्या बाजूला, दोन्हीकडे सारखे बांधावे.

२. तहान असो नसो, पेलाभर पाणी प्यावे. उन्हाच्या दिवसांत दर दोन-तीन थांब्यांनंतर मीठ-साखरेचे पाणी किंवा ताक घ्यावे. औषधाच्या दुकानातली ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावी, निम्म्या पाण्यात नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. पाणी पुरते की नाही याची खूण लघवीत आहे. ती गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

३. एकमेकांचे चेहरे पाहावेत. "ठीक आहेस ना?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. "मागचे गाव कोणते गेले?" असे विचारावे. उत्तर द्यायला वेळ लागला, शब्द अडखळले किंवा माणूस उगाच चिडला, तर प्रवास तिथेच थांबवावा.

४. बोटे पाहावीत. हँडलच्या थरथरीने आणि मनगटावरच्या दाबाने बोटांच्या नसा दबतात. घट्ट मूठ आवळून गाडी चालवण्याची सवय सोडावी, जाड हातमोजे वापरावेत. मुक्कामावर पोचल्यावर मुंग्या जातात, त्यात घाबरण्यासारखे नाही. दोन दिवसांनंतरही राहिल्या किंवा हातातून वस्तू सुटू लागल्या तर तपासून घ्यावे.

बैठकीबद्दल एक माहिती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात जीपमधून खडबडीत रस्त्यांवर फिरणाऱ्या हजारो जवानांना माकडहाडाजवळ केसांच्या मुळाशी पू होणारी गळवे झाली. तिथे त्या दुखण्याला जीपचा आजार असेच नाव पडले. घाम, घर्षण आणि तासन् तास एकाच जागी बसणे ही तीन कारणे मोटारसायकलवरही असतात. सुती अंतर्वस्त्रे, रोज अंघोळ आणि दर तासाला उठणे एवढ्याने बराच त्रास टळतो. मूळव्याध असणाऱ्यांनाही हेच लागू.

ज्यांना आधीच आजार आहे

चाळिशी-पन्नाशीनंतर मित्रांबरोबर निघण्यात संकोच नसावा, पण लपवाछपवी नसावी. आपला शेजारचा हिंगणघाट ही बाबा आमटे यांची जन्मभूमी. १९८५-८६ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी "भारत जोडो" यात्रा काढली. तरुण सायकलींवर होते. बाबांच्या पाठीच्या कण्याचा आजार असा होता की त्यांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत झोपून त्यांच्यासोबत गेले. एवढा जिद्दीचा माणूस, पण त्यांनी आपले दुखणे लपवले नाही, प्रवासाची रीत त्याला जुळवून घेतली. आपणही तेच करावे.

मधुमेहींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी गोळ्या-इन्सुलिनच्या वेळांबद्दल बोलावे. जेवण नाही तर साखर उतरवणारी गोळी नाही, हे पाठ करावे, मात्र इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. ग्लुकोजची पुडी तळाच्या सामानात नको, सदऱ्याच्या खिशात हवी. साखर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा तपासणे आणि मग पोटभर जेवण. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते, म्हणून पहिला उपाय तो नव्हे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

सर्दी-खोकल्याच्या, अंगावर पित्त उठल्याच्या आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. प्रवासात त्या घेतल्या तर त्या दिवशी गाडी चालवू नये. आणि दारू! आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. सीमा ओलांडली की काहींना पहिली आठवण तिचीच येते. रात्री उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळी रक्तात शिल्लक असू शकते. अंघोळीने किंवा चहाने ती उतरत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांवर दारू घेणे म्हणजे साखर उतरण्याला आमंत्रणच.

उन्हाचा तडाखा

दुपारी बारा ते चार गाडी सावलीत आणि माणूसही सावलीत. याच वेळी ऊनही तापलेले असते आणि जेवणानंतरची झापडही येते. वीस मिनिटांची झोप घ्यावी. सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, मानेभोवती ओला दुपट्टा असावा. उघड्या हातांना वारा बरा वाटतो, पण वर सांगितल्याप्रमाणे तो भाजत असतो.

कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापलेले लागले तर उष्माघात समजावा. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. थंड करणे आधी, नेणे नंतर. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

रात्रीचा मुक्काम

तंबू कुठेही ठोकू नये. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करणे गुन्हा आहे आणि आपल्या भागातल्या जंगलात वाघ आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली तर मुळीच नको, मोहफुले वेचायला अस्वल येते. गावकऱ्यांना विचारून शाळेचे किंवा देवळाचे आवार, एखाद्याचे अंगण घ्यावे. गिरडच्या टेकडीपासून नवेगावपर्यंत आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

जमिनीवर झोपणाऱ्याचा मोठा शत्रू मण्यार. ती रात्री फिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. इथेही शरीर वेळेवर सांगत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायू थकतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली तर अपचन समजून सोडा देत बसू नये, थेट रुग्णालयात न्यावे. दोरी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे काहीही करू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळते. तंबूची चेन पूर्ण लावावी, उघड्यावर झोपायचे तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी, सकाळी बूट झटकूनच पाय घालावा.

थंडीच्या रात्री तंबूत शेगडी किंवा निखारे घेऊन झोपू नये. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

परत आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी जंगलात राहून आलो" हे न विसरता सांगावे. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात बराच पसरला होता. अंगावर कुठे काळी खपली दिसते का ते पाहावे. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने तो बरा होतो. उशीर झाला तर जीव जातो. मलेरियाची तपासणीही करून घ्यावी.

अपघात झालाच तर

हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेले भांडे. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच. पडलेल्या माणसाचे हेल्मेट ओढून काढू नये. श्वास नीट असेल तर मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट पाहावी. रस्त्यात कोणाला मदत करायला घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

शेवटी एक सांगतो. चार मित्र निघाले की प्रत्येकाला वाटते, आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको. त्या भिडेपायी कोणी भूक मारतो, कोणी लघवी दाबतो, कोणी झोप. आम्ही उपाय केला तो असा. आमच्या सफरींत आता घड्याळ त्या कापसाच्या व्यापाऱ्याकडे असते. तो सर्वांत पुढे चालतो. तास झाला की तो हात वर करतो आणि आम्ही तिघे निमूटपणे थांबतो. गेल्या वेळी गिरडच्या अलीकडे तो असाच थांबला आणि मला म्हणाला, "डॉक्टर, उतर. पाणी पी. आता सांग, मागचं गाव कोणतं गेलं?"

मला दोन क्षण आठवले नाही. त्याने मला वीस मिनिटे झाडाखाली झोपायला लावले.